मागची दरड

महाड
२६ मे २०२४

प्रिय रेश्माताई,

प्रभूच्या नावात खूप खूप सलाम!!

अलिबागचं ट्रेनिंग संपवून घरी आलीस की आधी आत जाऊ नकोस. पिशवी ओट्यावर ठेव, सरळ घराच्या मागे जा, दरड बघ, आणि मग हे पत्र पुढे वाच.

बघितलीस? कशी वाटली?

तीन दिवस लागले, ताई. एकट्याने केलं. हाताला सात फोड आलेत, आई विचारते कशाने आले, मी सांगितलं क्रिकेट. तुझ्या स्वयंपाकघराच्या मागे केवढं जंगल माजलं होतं! कारवी, घाणेरी आणि नाव माहीत नसलेलं काय काय. नुसतं कापलं नाही हं, कुदळीने खणून मुळासकट काढलं. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, वाळा लावायच्या आधी जागा एकदम क्लीन पाहिजे. मग तीन सरळ लाइनीत एकशे दहा फुटवे लावले. वाळ्याची मुळं दहा-दहा फूट खाली जातात, खिळे ठोकल्यासारखी. बॉटनीत मला रूट सिस्टीमवर दहापैकी नऊ मिळालेत, सो ट्रस्ट मी. तूच म्हणाली होतीस ना, दरडी कोसळल्या त्या वर्षापासून पावसाळ्यात तुला मागच्या खोलीत झोप लागत नाही? आता झोप. आजी, तुझ्या सासूबाई, लेकीकडे गेल्यात तेही बरं झालं, त्यांना पण सरप्राइज.

आणि मातीत हात घालताना डोक्यात सारखी येशूने सांगितलेली ती पेरणाऱ्याची गोष्ट होती. खडकाळ जमिनीतलं बी झटकन उगवतं, पण मूळ नाही म्हणून उन्हात करपतं. मला ते बी व्हायचं नाहीये. म्हणून मी घरातलं पण सगळं क्लीन करतोय. माझ्या टेबलावरचा गणपती आईच्या खोलीत नेऊन ठेवला. संध्याकाळी ती दिवा लावते तेव्हा मी बाहेर जातो. प्रसाद घेत नाही. ती नुसती बघते. गेल्या वर्षी ती हॉस्पिटलमध्ये तापाने फणफणली होती आणि तू, तिची नर्स, तिच्या उशाशी हळूच प्रार्थना करत होतीस, तिथून माझं हे सगळं सुरू झालं, हे तिला कुठे माहीत आहे?

माझं ठरलंय. १५ ऑगस्टला पप्पांना सांगणार आणि बाप्तिस्मा घेणार. पप्पांसमोर काय बोलायचं ते वहीत तीनदा लिहून खोडलंय. पण आग आहे ना आत, ताई, आग!

फोनवर काही लिहू नकोस, माझा फोन आई बघते. आणि तुमच्या आंबेकोंडात रेंज तरी कुठे असते. महिपतकाकांच्या एसटीतूनच पत्र पाठव, ते डेपोत माझ्या हातात देतात.

तुझा धाकटा भाऊ,
रुचिर


आंबेकोंड, उमरठच्या वर
२ जून

प्रिय रुचिर,

सलाम एकच पुरतो रे. खूप खूप कशाला?

दरड बघितली. तू सांगितल्यासारखीच, आत न जाता. पण पिशवी ओट्यावर ठेवायची राहिली, खांद्यालाच होती. किती वेळ उभी होते कोण जाणे. कुत्र्याची खरूज झालेली पाठ असते ना, तशी दिसत होती. नुसती तांबडी माती. आणि त्यावर तुझे ते एकशे दहा फुटवे, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहतात तसे.

तुझ्या हाताचे फोड मला दिसतात, त्यामुळे ओरडवत नाही. पण काल सासूबाई आल्या. मागे गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "काय गो रेश्मे, ही दरड कुणी सोलली?"

म्हटलं, "रुचिरने, आई. वाळा लावलाय त्याने."

"वाळा लावला ता बरा केला. नि कारवी?"

"काढली."

"कापली का काढली?"

"खणून काढली."

मटकन पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याच्या वेळची कारवी ती. कुडाला लागंल तेवढी कापायची, बुंध्याला हात नाय लावायचा. ती कारवीच हा डोंगर धरून हाय. येवढा शिकलेला पोर, नि त्याला येवढा ठाव नाय?" मग जरा वेळाने, "इंग्लिश शाळा. झाडाचा नाव पाठ, झाड नाय वळकत."

मी हसले, कारण नाहीतर रडले असते. पाऊस आठ दिवसांवर आलाय, रुचिर. वाळ्याची मुळं दहा फूट जातात हे खरं असेल, पण किती वर्षांनी? तुझ्या त्या व्हिडिओत तेवढं सांगितलं होतं का?

माझे बाबा नगरकडे चर्चचे पाळक होते. त्यांच्याकडे नवे विश्वासणारे यायचे, तुझ्यासारखे पेटलेले. बाबा त्यांना पहिलं वर्ष कुठे बोलायला उभंच करायचे नाहीत. म्हणायचे, वर किती आलं ते लोक विचारतात, खाली किती गेलं ते पाऊस विचारतो. मी तेव्हा लहान होते, वाटायचं बाबा उगाच घाबरट आहेत.

घरातलंही तू कुदळीनेच काढतोयस असं वाटतं मला. प्रसाद घ्यायचा नाही तर नको घेऊस. पण आईने दिवा लावला की उठून बाहेर जायला तुला कुणी सांगितलं? आईच्या शेजारी बसल्याने विश्वास जात नाही. तिला तोडून प्रभू तुझ्याकडून काहीही मागत नाहीये.

आता एक विचारते, खरं सांग. काढलेलं झुडूप तू दरडीच्या वर नेऊन टाकलंस, ते मला खालून दिसतंय. म्हणजे तू वर गेला होतास. वर जमिनीला कुठे चीर, भेग काही दिसली? माझे गुडघे चढू देत नाहीत आणि सासूबाईंना मी चढू देत नाही. जरूर लिही.

तुझी,
रेश्माताई


महाड
६ जून

प्रिय ताई,

सॉरी. सॉरी. खरंच सॉरी.

पण आजींना सांग टेन्शन नको. मी अजून चार व्हिडिओ बघितले. वाळा फास्ट ग्रोइंग आहे. तू एक काम कर, दोन आठवड्यांनी एक फुटवा हळूच उपटून बघ मुळं किती आली, आणि मला सेंटिमीटरमध्ये कळव. मी ग्राफ काढतो.

वर काही दिसलं नाही. नॉर्मल जमीन होती.

आणि मी रोज पहाटे पाच वाजता उठून त्या दरडीसाठी प्रार्थना करतोय. मी ती प्रभूच्या नावाने क्लेम केलीये, ताई. आता घाबरणं म्हणजे अविश्वास. तू पण घाबरू नकोस, प्लीज. तू घाबरलीस की मला कसंतरी होतं.

घरी जरा गडबड झाली. रविवारी पप्पांनी विचारलं, "सारखा आंबेकोंडला काय करतोस तू?" पप्पांचं विचारणं तुला माहीत नाही. बांधकाम खात्यात तीस वर्षं काढलीत, समोरच्याकडे पुलाला गेलेला तडा बघावा तसं बघतात. मी म्हटलं, बॉटनीचा प्रोजेक्ट आहे. ते म्हणाले, "प्रोजेक्टला सर कोण?" मी म्हटलं, सर नाहीत, मॅडम आहेत. मग ते पेपर वाचत राहिले. पण पान उलटलं नाही. अर्धा तास एकच पान.

मला वाटलं होतं विश्वास आला की भीती जाते. तुझी कधी गेली?

रुचिर


आंबेकोंड
२४ जून

प्रिय रुचिर,

पाऊस लागलाय. आज सहावा दिवस, थांबलेला नाही.

फुटवा उपटून बघितला नाही आणि बघणार नाही. मूळ बघायला उपटलं तर ते मूळ तिथेच मरतं. हे तुला बॉटनीत नाही शिकवलं? तू स्वतःलाही असाच रोज उपटून बघतोस. आज किती प्रार्थना केली, आज किती आग आहे, काल किती होती. राहू दे ना जरा मातीत. पाती पिवळी पडलीत, पण सासूबाई म्हणतात पडायचीच, लावणीनंतर भातसुद्धा आठ दिवस पिवळं पडतं, तेव्हा ते खाली काम करत असतं.

माझी भीती कधी गेली, विचारलंस. गेली नाही. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे, पाळकाची मुलगी, आणि मला आत्ता, दुपारी तीन वाजता, हे लिहिताना भीती वाटतेय. मागून आवाज येतो. कोणी दात खातंय तसा. मध्येच एक ढेकूळ सुटतं आणि पत्र्यावर पडतं. न्हाणीमागचं पाणी परवापर्यंत स्वच्छ येत होतं, आता चहासारखं येतंय.

सासूबाई चुलीपाशीच झोपतात, म्हणजे दरड आणि त्या यांच्यामध्ये फक्त एक भिंत. पुढच्या खोलीत झोपा म्हटलं तर म्हणतात, "पन्नास वर्सं हितंच पाठ टेकली, आता काय नवी जागा?" उमरठच्या शाळेत जाऊ म्हटलं तर आणखीनच. "शाळेत जायाचा वय व्हता तवा कुणी धाडला नाय, आता कशाला?" रितेशला मुंबईहून रजा मिळत नाहीये. तो फोनवर म्हणतो, तू आईला उचल आणि जा. त्याला काय, तो लांब आहे. त्याच्या आईला उचलणारा अजून जन्माला यायचाय.

आणि वाडीत कुजबूज आहे. भागोजीबुवा पाणवठ्यावर म्हणाले, "किरिस्तावणीचा पाहुणा आला नि डोंगर उघडा केला. डोंगराचा देव बघतोय." माझ्यासमोर नाही म्हणाले, पण ऐकू येईल असं म्हणाले. बारा वर्षं मी या लोकांच्या पोरांना लसी टोचतेय, बायकांची बाळंतपणं केलीत. दरड आली तर माझ्या नावाने येणार, रुचिर. याचीही भीती वाटते. मातीपेक्षा जास्तच वाटते कधी कधी, आणि त्याची लाज वाटते.

पुन्हा विचारते. वर काही दिसलं होतं का? तुझ्या पत्रात त्या उत्तराला एकच ओळ होती. तू एका ओळीत कधीच काही सांगत नाहीस.

रेश्माताई


आंबेकोंड
५ जुलै

रुचिर,

अकरा दिवस झाले. महिपतदादा म्हणतात पत्र तुझ्या हातात दिलं. तू म्हणालास, "उत्तर उद्या देतो."

बरा आहेस ना? घरी काही झालं का? पप्पांना कळलं का?

उमरठचा फोनचा टॉवर परवा पडला. वाडीत एका झाडाखाली थोडी रेंज मिळायची, तीही गेली.

मला प्रार्थना सुचत नाहीये. बसते आणि तोंडातून एवढंच येतं, प्रभू, भिंत. प्रभू, भिंत. याला प्रार्थना म्हणतात का, बाबांना विचारलं असतं.

दोन ओळी लिही. रागावलेली नाही मी.

ताई


महाड
८ जुलै, सकाळ

ताई,

आज निघा. पत्र वाचून होईपर्यंत थांबू नका, निघा, मग वाच.

मी खोटं बोललो.

वर भेग होती. तिसऱ्या दिवशी दुपारी झुडपं टाकायला गेलो तेव्हा दिसली. दरडीच्या कडेपासून वीसेक पावलांवर, आडवी, दहा-बारा पावलं लांब. माझी दोन बोटं आत जात होती. मी खाली वाकून बघितलं तर तळ दिसला नाही. माझी तोपर्यंत सगळी कारवी काढून झालेली होती, फक्त न्हाणीच्या मागचा कोपरा राहिला होता. तो मी मग सोडलाच. तू विचारलं असतंस तर दमलो होतो म्हणालो असतो. दमलो नव्हतो, घाबरलो होतो.

आणि मी काय केलं माहितीये? कारवीची पानं आणि माती त्या भेगेत कोंबली आणि वर नाचून नाचून दाबली. दिसेनाशी केली. मग तिथेच गुडघ्यावर बसून प्रार्थना केली की प्रभू, ही बंद कर. आणि स्वतःला सांगितलं, झालं, क्लेम केलं, आता याविषयी बोलणं म्हणजे अविश्वास. माझा विश्वास तो नव्हताच, ताई. मी भेगेवर पानं टाकली तशी भीतीवर प्रार्थना टाकली.

तू दोनदा विचारलंस. दुसरं पत्र मी वहीत ठेवलं आणि वही उघडलीच नाही. कॉलेजलाही गेलो नाही. रोज वाटायचं, आज लिहितो. मग वाटायचं, आता इतका उशीर झालाय की लिहिलं तर तू विचारशील आधी का नाही. पहाटेचं उठणंही बंद झालं. पाऊस वाजायला लागला की मी कानावर उशी घेतो.

काल रात्रीपासून इथेही गांधारी आणि सावित्री दोन्ही नद्या फुगल्यात, गल्लीतले लोक सामान वर चढवतायत. सकाळपासून तुला वीस वेळा फोन लावला. लागत नाही. महिपतकाकांची गाडी बारा वाजता सुटतेय, शेवटची असेल म्हणतात. हे त्यांच्याकडे देतोय आणि सांगतोय की काहीही झालं तरी रेश्माताईच्या हातात.

मीच गाडीत बसणार होतो. काका म्हणाले, "तू येऊन काय करशील? माती उचलशील? बापाला सांग, त्यांच्या ओळखी हायत, जीप हाय."

तर आता पप्पांना सांगायला जातोय, ऑफिसात. सगळं सांगायला लागेल. कशाला जात होतो, कोणाकडे, का. उभ्यानेच लिहितोय, अक्षर बघ.

आजींना माझी शपथ घाल. नको, शपथ नको घालूस. काहीही घाल. पण काढ त्यांना.

रुचिर


महाड
९ जुलै, सकाळी सहा

ताई,

हे पत्र कुणाबरोबर पाठवायचं माहीत नाही. तू आहेस की नाही, तेही माहीत नाही. पण दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहितोय.

पप्पांना सांगितलं. दरडीचं सांगितलं, भेगेचं सांगितलं, आईच्या आजारपणातल्या नर्सचं घर आहे हेही सांगितलं. येशूचं सांगितलं नाही. तोंडाशी आलं आणि गिळलं. ते उभे राहिले, रेनकोट घातला आणि एवढंच विचारलं, "भेग कडेपासून किती पावलांवर?" मी म्हटलं वीस. ते म्हणाले, "तू घरी थांब. आईजवळ." आणि गेले. दुपारचा एक वाजला होता. अजून आलेले नाहीत. पोलादपूरच्या पुढे रस्त्यावर माती आलीये असं टीव्हीवर दाखवतायत. फोन बंद.

माझ्या खोटेपणामुळे तू आणि आजी, आणि आता पप्पा पण.

संध्याकाळी आईने दिवा लावला. मी उठलो नाही. तिच्या शेजारी बसलो. ती तिच्या देवाशी बोलत होती, मी माझ्या. दोघंही एकाच माणसासाठी. तिने मध्येच माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता. म्हणाली, "रुचिर, किती दिवसांनी बसलास रे." मला मेल्यासारखं झालं.

खडकावरचं बी मीच होतो ना, ताई? पहिल्याच पावसात कळलं. मूळ वगैरे काही नाहीच माझ्यात.

तू असलीस तर सांग.

रुचिर


उमरठ, शाळा
१० जुलै

प्रिय रुचिर,

आम्ही आहोत. सगळे आहोत. तुझे पप्पाही आहेत, इथे शाळेच्या व्हरांड्यात चहा पितायत. काल तू पुन्हा लिहिलं असशील तर ते इथे पोचलेलं नाही, पण तू काय लिहिलं असशील ते मला साधारण कळतं.

नीट सांगते.

परवा एसटी उमरठलाच थांबली, पुढे चिखल. महिपतदादा भिजत, चालत वर आले आणि साडेतीनला पत्र माझ्या हातात ठेवलं. पहिली ओळ वाचली आणि सासूबाईंना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, "का?" मग मी सगळं पत्र मोठ्याने वाचलं. खोटं बोललो इथपासून पानं कोंबली इथपर्यंत. त्या म्हणाल्या, "पुन्ना वाच." पुन्हा वाचलं.

मग काठी घेतली आणि निघाल्या. पुढच्या दाराने नाही रे, मागच्या! त्या वयात, त्या पावसात, सरळ चढावर! मी मागून ओरडतेय, गुडघे ओरडतायत. वर पोचले तेव्हा त्या भेगेपाशी उभ्या होत्या. तुझी पानं कधीच वाहून गेली होती. तुझी दोन बोटं जात होती ना, माझा हात कोपरापर्यंत गेला, आणि आतून गार वारा लागला. तेवढं घाबरलेली मी जन्मात नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "पोर खरा बोलला. चल."

म्हैस सोडली, शेळ्या सोडल्या. दारात पुन्हा थांबल्या. देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले. एका हातात काठी, दुसऱ्याने धरायला माणूस हवं. गाठोडं माझ्यापुढे केलं आणि म्हणाल्या, "धर. तुजा देव रागवंल काय गो?"

मी म्हटलं, "नाही रागवणार." आणि ते छातीशी धरून चालले. ते गाठोडं मला जड नव्हतं, त्यांचा हात जड होता, कारण त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण भार माझ्यावर टाकला होता.

अर्ध्या वाटेत तुझे पप्पा भेटले. जीप खाली सोडून चालत येत होते, गुडघाभर चिखल. मोरीवरून पाणी चाललं होतं. त्यांनी सासूबाईंना पाठुंगळी घेतलं. सासूबाई त्यांच्या कानात म्हणतायत, "साहेब, पाडू नका हां, मी जुनी हाय, जोडता येणार नाय."

शाळेत पोचलो आणि सातच्या सुमाराला आवाज झाला. ट्रकमधून दगड ओततात तसा, पण थांबतच नव्हता. सासूबाईंनी मला घट्ट धरलं.

काल सकाळी जाऊन बघितलं. स्वयंपाकघर नाही. चूल, भिंत, त्यांची झोपायची जागा, सगळ्यावर पुरुषभर माती. पुढची खोली उभी आहे. आणि न्हाणीमागचा कोपरा उभा आहे, तू सोडलेला. तिथली कारवी जागची हललेली नाही. तुझे पप्पा बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत होते. मी विचारलं, हे त्याच्या खणण्याने झालं का? ते म्हणाले, "भेग आधीचीही असेल. सगळं त्याच्यामुळे झालं असं म्हणता येणार नाही. त्याच्यामुळे काहीच झालं नाही, असंही नाही." मी हे तुला तसंच लिहितेय. हलकं करून सांगितलं तर ते पुन्हा पानं कोंबल्यासारखंच होईल.

मातीत तुझे थोडे फुटवे सापडले. मुळं बोटभर झाली होती, पांढरी, जिवंत. सासूबाईंनी ते पदरात गोळा केले. म्हणाल्या, "ह्यो काय करणार बिचारा? दीड महिन्याचा तान्हा. त्याला हत्ती धरायला सांगितला." आता शाळेच्या बादलीत पाण्यात ठेवलेत. कुठे लावायचे यावर इथे वाद चाललाय.

भागोजीबुवा इथेही म्हणालेच, बाहेरचा देव आणला की असं होतं. मी मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "भागोजी, हिच्याकडं आलेल्या पत्रानं मी उठले. तुझ्या तोंडानं उठले नसते, नि आता तू माझ्या दहाव्याचा भात खात बसला असतास." सगळे हसले. भागोजीबुवाही हसले. पण माझी भीती गेलेली नाही. ते आज हसले, उद्याचं माहीत नाही.

आता तुझं. मूळ नाही माझ्यात, असं तू म्हणत असशील. तू भीतीने खोटं बोललास आणि भीतीतच खरं बोललास. दोन्ही वेळेला भीती तेवढीच होती, रुचिर, आठ तारखेला उलट जास्तच. मग त्या दिवशी तुला कशाने धरलं? आग तर तुझ्या पत्रात विझलेलीच दिसत होती. पहाटेची प्रार्थनाही बंद होती. मला वाटतं तुझ्या नकळत काहीतरी बोटभर खाली गेलंय. बोटभरच. त्याच्यावर हत्ती टांगू नकोस, आणि ते उपटूनही बघू नकोस. १५ ऑगस्ट वगैरे तारखा प्रभूला नको आहेत. मलाही परवा मागची भिंत गेली तेव्हा कळलं की "प्रभू, भिंत" एवढी प्रार्थना पुरते. भिंत राहिली नाही, तरी पुरते. याहून जास्त मला समजलेलं नाही, आणि रात्री पत्रा वाजला की मी अजून उठून बसते.

हे पत्र तुझ्या पप्पांबरोबर पाठवतेय. रस्ता मोकळा झालाय, ते आता निघतील. मगाशी त्यांनी मला विचारलं, "माझा मुलगा तुमच्याकडे नेमकं काय करायला येतो?" मी म्हटलं, ते त्यालाच विचारा. ते म्हणाले, "त्याने मला अर्धंच सांगितलंय, तेवढं कळतं मला." मी म्हटलं, पाकीट चिकटवत नाही, वाटेत वाचलंत तरी चालेल.

त्यांनी रेनकोटची बटणं लावली. मग म्हणाले, "चिकटवा. मी त्याच्या तोंडून ऐकेन."

म्हणून चिकटवतेय. पत्र वाचून झालं की वर बघ. ते समोरच बसलेले असतील.

तुझी,
रेश्माताई